लेकराचे पाय वाकतायत? नुसत्या कॅल्शियमवर थांबू नका, किडनीही तपासून घ्या

हिंगोली : लेकराचे पाय वाकडे दिसू लागले की गावात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘कॅल्शियम कमी पडलंय, बाटली आणा.’ बऱ्याच लेकरांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन फरक पडतोही. पण काही लेकरं अशी असतात की सहा महिने, वर्षभर औषध पाजलं तरी पाय सरळ होत नाहीत, उंची वाढत नाही, चालताना दम लागतो. अशा लेकरांत दुखणं हाडात दिसतं, पण मूळ दुसरीकडे असतं. कधी ते किडनीत असतं, कधी रक्तातल्या क्षारांच्या गडबडीत, तर कधी पिण्याच्या पाण्यात. हाड वाढायची वर्षं मोजकी असतात. ती हातची गेली की पुढं पैसा खर्चूनही उंची परत मिळत नाही. म्हणून ही माहिती घरोघर असायला पाहिजे.

हाड वाढतं कुठं?

हाताची, पायाची लांब हाडं मधून वाढत नाहीत. ती टोकाजवळून वाढतात. गुडघा, मनगट, घोटा यांच्याजवळ हाडाच्या टोकाला कुरकुरीत कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला वाढीची चकती म्हणू. या चकतीत रोज नवा मऊ थर तयार होतो आणि त्यात कॅल्शियम व स्फुरद बसून तो टणक होतो. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. डीएपीच्या पोत्यावर लिहिलेलं असतं तेच. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि जवळपास ८५ टक्के स्फुरद हाडात आणि दातात असतं.

मऊ थर तयार झाला पण त्यात क्षार बसले नाहीत, तर हाड ओल्या मातीच्या भिंतीसारखं राहतं. वरून अंगाचं वजन पडतं आणि ते वाकतं. यालाच आपण मुडदूस म्हणतो. वाढीची चकती मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या आसपास बंद होते. त्याच्या आत जे करायचं ते करावं लागतं.

किडनीचा हाडाशी काय संबंध?

किडनी म्हणजे फक्त लघवी तयार करणारा अवयव, असं बहुतेकांना वाटतं. हाडासाठी ती तीन मोठी कामं करते.

पहिलं काम, ड जीवनसत्त्व चालू करणं. उन्हामुळं कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. तिथून ते यकृतात जातं आणि शेवटी किडनीत. किडनीत गेल्यावरच ते कामाचं होतं. ते कामाचं झालं तरच आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट ओढून घेतं.

दुसरं काम, क्षारांचा हिशेब ठेवणं. रक्तात स्फुरद जास्त झालं तर लघवीतून बाहेर काढायचं, कमी असेल तर वाचवून परत घ्यायचं. कॅल्शियमचंही तसंच.

तिसरं काम, रक्तातलं आम्ल बाहेर टाकणं. आम्ल साठलं तर शरीर ते मारण्यासाठी हाडातले क्षार वापरतं. म्हणजे हाडाची झीज होते.

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन पिवळं पडतं. माती तपासली तर जमिनीत लोह भरपूर असतं, पण पिकाला ते उचलता येत नाही. अशा रानात युरिया टाकून पिवळेपणा जात नाही. लेकराच्या अंगातही तसंच होतं. पोटात कॅल्शियम जातंय, पण किडनी बिघडलेली असेल तर ते हाडापर्यंत पोचत नाही.

कोणत्या आजारात काय होतं?

१. साधा मुडदूस. ऊन कमी, जेवणात दूध-भाजी कमी, यामुळं होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईकडून ड जीवनसत्त्व फार कमी मिळतं. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट थेंब द्यायला सांगतात. या प्रकारात किडनी ठीक असते आणि योग्य मात्रेत औषध दिलं की काही महिन्यांत हाड सुधारतं.

२. किडनी हळूहळू निकामी होणं. लहान मुलांत याचं कारण बऱ्याचदा जन्मापासूनचं असतं. किडनी लहान किंवा नीट न घडलेली असते, लघवी उलटी किडनीकडे चढत असते, किंवा मुलग्यांमध्ये लघवीच्या वाटेत पडदा असतो. अशा मुलग्याची धार बारीक असते, लघवी थेंबथेंब होते. किडनी थकली की स्फुरद बाहेर पडत नाही आणि ड जीवनसत्त्व चालू होत नाही. मग रक्तात कॅल्शियम कमी पडू लागतं. गळ्यात थायरॉईडच्या मागं पॅराथायरॉईड नावाच्या चार बारीक ग्रंथी असतात. त्या जोरात कामाला लागतात आणि हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतात. रक्ताचा हिशेब कसाबसा जुळतो, पण हाड आतून पोकळ होत जातं. त्यात भूक मरते, रक्त कमी होतं, उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाला शरीर दाद देत नाही. लेकरू वर्गात सगळ्यात बुटकं राहतं. डॉक्टर याला रीनल रिकेट्स म्हणतात, म्हणजे किडनीचा मुडदूस.

३. किडनी आम्ल बाहेर टाकत नाही. याला आरटीए म्हणतात. यात क्रिएटिनिन बऱ्याचदा ठीक असतं, त्यामुळं ‘किडनी चांगली आहे’ असा समज होतो. पण लेकराला तहान फार, लघवी फार, उलट्या, हातापायात अशक्तपणा आणि वाढ खुंटलेली असते. पोटॅशियम फार खाली गेलं तर हातपाय लुळे पडतात. काहींच्या किडनीत कॅल्शियम साठतं. यातल्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार महागडा नाही. सोड्याच्या किंवा सायट्रेटच्या औषधानं आम्ल आवाक्यात येतं आणि लेकरू पुन्हा वाढू लागतं. फक्त औषध रोज आणि बरीच वर्षं घ्यावं लागतं.

४. स्फुरद लघवीतून वाहून जाणं. हा बहुतेक वेळा आनुवंशिक आजार असतो. याचा नेहमी सापडणारा प्रकार साधारण वीस हजारांत एका बाळाला होतो. लेकरू चालायला लागलं की पाय धनुष्यासारखे वाकतात. कॅल्शियम नॉर्मल, पण स्फुरद कमी. दात किडलेला नसतानाही हिरडीत पू होतो. घरात आई, बाप किंवा आजोबा बुटके आणि वाकड्या पायाचे असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा लेकरांना नुसतं कॅल्शियम देऊन उपयोग होत नाही. त्यांना दिवसातून अनेकदा स्फुरदाचं औषध आणि चालू स्वरूपातलं ड जीवनसत्त्व लागतं.

५. पाण्यातलं फ्लोराइड. हा प्रश्न आपल्या शेजारी आहे. यवतमाळ जिल्ह्यातला पांढरकवडा भाग, नांदेडचा किनवट भाग आणि चंद्रपूर जिल्हा इथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त सापडलेलं आहे. भारतात माणसाच्या हाडांवरचा हा परिणाम पहिल्यांदा १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून नोंदवला गेला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फ्लोराइडग्रस्त भागातल्या तरुण पोरांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासत असल्याचं जगापुढं मांडलं. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर हा त्रास जास्त होतो.

किडनीचा संबंध इथंही आहे. पोटात गेलेल्या फ्लोराइडचा मोठा हिस्सा किडनीच बाहेर टाकते. लहान मुलांच्या वाढत्या हाडात ते मोठ्या माणसापेक्षा जास्त अडकतं, आणि किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त. लवकर दिसणारी खूण म्हणजे पक्क्या दातांवर पांढरे खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे. एकाच गावातल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर असे पट्टे असतील तर गावच्या पाण्याची तपासणी करून घ्या.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं प्रमाण वाढतं. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली आहे. आरओ यंत्रानंही ते कमी होतं. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्रोत बदलणं.

वाकडे पाय कधी साधे, कधी नाही?

प्रत्येक वाकडा पाय आजाराचा नसतो. बाळाचे पाय दोन वर्षांपर्यंत थोडे बाहेर कमानीसारखे असतातच. पुढं तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे आत येतात आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत पाय सरळ होतात. तेव्हा उगीच घाबरू नका. पण खालीलपैकी काही दिसलं तर दवाखाना गाठा :

- दोन वर्षांनंतरही पायाची कमान वाढतच आहे, किंवा सात वर्षांनंतर नव्यानं पाय वाकू लागले.
- एकच पाय वाकलाय किंवा चालताना लेकरू बदकासारखं डुलतं.
- मनगट रुंद, जाड झालंय. छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात.
- चार वर्षांनंतर उंची वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढते. या वयात साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते.
- तहान आणि लघवी फार. मोठं झालं तरी अंथरूण ओलं होतं. लघवीची धार बारीक.
- चेहऱ्यावर, पायावर सूज. लघवीला फेस. वारंवार लघवीचा ताप.
- थोडक्या मारानं हाड मोडतं.
- तीन महिने योग्य औषध घेऊनही फरक नाही.

उंची मोजायला मोठं यंत्र लागत नाही. दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी पेन्सिलीची रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. डॉक्टरला ही रेघ फार कामाची असते.

कोणत्या तपासण्या, आणि रिपोर्ट वाचताना एक सावधगिरी

मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे, रक्तातलं कॅल्शियम, स्फुरद, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीची साधी तपासणी. एवढ्यावर बहुतेक दिशा कळते. गरज पडली तर ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉईड हार्मोन आणि किडनीची सोनोग्राफी करतात.

आता सावधगिरीची गोष्ट. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर बाजूला छापलेले नॉर्मल आकडे मोठ्या माणसाचे असतात. लेकराचे आकडे वेगळे असतात. मोठ्या माणसाचं स्फुरद २.८ असलं तर ते नॉर्मल. दोन-तीन वर्षांच्या लेकराचं तेच २.८ म्हणजे कमी, कारण या वयात ते ४ च्या वर असायला पाहिजे. क्रिएटिनिनचंही तसंच. मोठ्या माणसाला ०.९ म्हणजे ठणठणीत. पण चार वर्षांच्या, एक मीटर उंचीच्या लेकराचं क्रिएटिनिन ०.९ आलं तर त्याच्या किडनीचं काम निम्म्याच्याही खाली आलेलं असू शकतं. लेकराच्या किडनीचा हिशेब उंची धरून करतात. याउलट अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयात मोठ्यांपेक्षा जास्तच असतं, त्यामुळं रिपोर्टवर ते ठळक अक्षरात आलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे लॅबच्या काउंटरवर ऐकून घरी येऊ नका. तो बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उपचार कसा होतो?

आजार कोणता त्यावर औषध ठरतं. किडनी थकलेली असेल तर स्फुरद आतड्यातच अडवणारी गोळी देतात. ही गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर तिचा खरा उपयोग होत नाही. त्याच्या जोडीला चालू स्वरूपातलं ड जीवनसत्त्व, आम्ल कमी करणारं औषध आणि काहींना वाढीचं संप्रेरक देतात. किडनी फारच गेली तर डायलिसिस आणि मग प्रत्यारोपण. लहान वयात प्रत्यारोपण झालं तर उंचीची थोडीफार भरपाई होते.

पाय सरळ करायची शस्त्रक्रिया होते, पण तिची घाई करू नका. आधी रक्तातले क्षार जागेवर आणावे लागतात. क्षार बिघडलेले असताना शस्त्रक्रिया केली तर पाय पुन्हा वाकतो. लेकरू अजून वाढतं असेल तर चकतीच्या एका बाजूला छोटी पट्टी बसवून वाढीला वळण देता येतं. हाड कापायची गरज पडत नाही. चकती बंद झाल्यावर हा सोपा मार्ग संपतो.

जेवणाचं काय?

किडनी ठीक असलेल्या लेकराला दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, नाचणी, शेवग्याचा पाला भरपूर द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या भागाएवढंही नसतं. चार ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नुसत्या भाकरी आणि वरणावर ते भागत नाही. भाकरीच्या पिठात नाचणी मिसळली, वर तिळाची चटणी दिली, शेंगा काढल्यावर शेवग्याचा पालाही भाजीला वापरला, तर खर्च न वाढता फरक पडतो. सोबत रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात खेळू द्या.

पण किडनी निकामी होत असलेल्या लेकराचं गणित उलटं असतं. त्याला दूध, शेंगदाणे, डाळ, पाकिटातलं खाणं आणि कोल्ड्रिंक यातून स्फुरद वाढतं. काहींना केळी आणि नारळपाणीही मोजून द्यावं लागतं. म्हणजे एका लेकराला जे औषध, तेच दुसऱ्याला त्रासाचं. म्हणून शेजारच्या लेकराला लागू पडलेला आहार आपल्या लेकराला तसाच लावू नका.

हे टाळा

- ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी मेडिकलवरून आणून मनानं दर आठवड्याला देत राहू नका. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि चांगली किडनीही खराब होऊ शकते.
- हाडदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी देऊ नका. ती किडनीवर भार टाकते.
- काय घातलंय ते माहीत नसलेली भस्मं, पुड्या, काढे लेकराला देऊ नका.
- वाकलेला पाय जोरानं चोळून, खपाटे बांधून सरळ होत नाही. कच्चं हाड मोडू शकतं.
- बरं वाटलं म्हणून औषध मध्येच तोडू नका. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेर जात असाल तर पुरेशी औषधं आणि फाइल सोबत ठेवा.

जायचं कुठं?

सगळ्यात जवळचा दरवाजा म्हणजे अंगणवाडी आणि शाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर इथून झाली. या कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि मुडदूस हा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. शंका असेल तर तोंडानं सांगा. लघवीचा त्रास नुसतं बघून कळत नाही.

तिथून चिठ्ठी घेऊन ग्रामीण रुग्णालय, मग हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. त्यापुढं नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. डायलिसिस आणि प्रत्यारोपणासारख्या मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि लेकराचं आधार कार्ड जवळ ठेवा, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.

पाण्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. किटवर शंका आली तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. नवा बोअर पिण्यासाठी वापरायच्या आधी फ्लोराइड तपासून घ्या. ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतो.

हळद पिवळी पडली तर आपण कृषी सहायकाला फोटो पाठवतो, माती तपासून घेतो, मग खत ठरवतो. लेकराचे पाय वाकले तर निदान तेवढी तरी चौकशी व्हावी. एक एक्स-रे, एक रक्ताची आणि एक लघवीची तपासणी. ती लवकर झाली तर यातले बरेच आजार आटोक्यात राहतात आणि लेकरू आपल्या पायावर सरळ उभं राहतं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.)